एका छायाचित्रामागची जोडणी : जेपेग लायब्ररी बांधताना आणि जोडताना

बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या एका छायाचित्रात सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर ते छायाचित्र साठविण्यास ३ कोटी ६० लाख बाइट लागतील. प्रत्यक्षात तेच छायाचित्र तीन-चार मेगाबाइटच्या फाइलमध्ये मावते आणि दर्जातील फरक सहसा डोळ्यांना जाणवत नाही. हे संकोचन, म्हणजेच कॉम्प्रेशन, करणारी आज्ञावली ब्राउझर किंवा फोटो-संपादक तयार करणारी मंडळी बहुतेक वेळा स्वतः लिहीत नाहीत. ती एका तयार लायब्ररीतून घेऊन आपल्या सॉफ्टवेअरला जोडली जाते.

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे स्वतंत्रपणे न चालणारा, परंतु दुसऱ्या आज्ञावलीने हाक मारताच ठरावीक काम करून देणारा सॉफ्टवेअरचा भाग. ग्रंथालयाशी तिचे साम्य एवढेच, की एकाने लिहायचे आणि अनेकांनी वापरायचे. मात्र पुस्तक ग्रंथालयात बसून वाचायचे, की त्याची छायाप्रत काढून घरी न्यायची, हा निर्णय इथे फार महत्त्वाचा ठरतो. पुस्तकात चूक आढळली, तर ग्रंथालयातील प्रत दुरुस्त करता येते. घरोघर गेलेल्या छायाप्रती मात्र तशाच राहतात. छायाचित्रांच्या लायब्ररीबाबत हा प्रश्न २००४ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये साऱ्या जगापुढे उभा राहिला. तो नीट समजण्यासाठी अशी लायब्ररी कशी बांधतात व कशी जोडतात, हे आधी पाहावे लागेल.

गणित आणि मानक

‘जेपेग’ हे नाव ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप’ या तज्ज्ञगटाच्या आद्याक्षरांवरून आले. या गटाचे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या गाभ्याशी असलेले गणित ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या नावाने ओळखले जाते. ते मांडणारा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे तिन्ही लेखक भारतीय वंशाचे होते : बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद, त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव. या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी अहमद यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. आज जगातील बहुतेक छायाचित्रे आणि बरीचशी चित्रफीत ज्या तत्त्वावर साठविली जाते, त्याचा आरंभ असा झाला.

पद्धत थोडक्यात अशी. प्रथम चित्रातील रंगांचे उजेड आणि रंगछटा असे दोन भाग पाडतात. मानवी डोळा उजेडातील फरक चटकन टिपतो, रंगछटेतील फरक तितकासा टिपत नाही. म्हणून रंगछटेची माहिती बहुधा निम्म्या बारकाव्याने ठेवतात. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांवर कोसाइन रूपांतर केले जाते. त्यातून ठळक बदल एका बाजूला आणि सूक्ष्म बदल दुसऱ्या बाजूला येतात. सूक्ष्म बदलांच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागून पूर्णांकात बसविले, की त्यांतील बरेचसे शून्य होतात. मुख्य नुकसान इथेच होते आणि बचतीची पायाभरणीही इथेच. उरलेले आकडे व शून्यांच्या रांगा हफमन यांच्या १९५२ मधील संकेतपद्धतीने बांधून फाइल तयार होते.

मानक तयार झाले, तरी मानक म्हणजे कागदच. त्याप्रमाणे चालणारी आणि कोणालाही फुकट वापरता येईल अशी आज्ञावली टॉम लेन आणि त्यांच्या ‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ या स्वयंसेवकांच्या गटाने सी भाषेत लिहिली. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये, म्हणजे मानक औपचारिकरीत्या छापले जाण्याच्याही आधी, बाहेर पडली. तीच ‘लिबजेपेग’. शुल्क नाही, सोर्स कोड खुला, व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये वापरण्यास मुभा. अट इतकीच, की सोबतच्या दस्तऐवजात या गटाच्या कामाचा उल्लेख करावा. मार्च १९९८ मध्ये आलेली तिची ६-बी ही आवृत्ती अकरा वर्षे अबाधित राहिली. जेपेग सर्वत्र पसरले, यामागे गणिताइतकाच या उदार परवान्याचा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

बांधणी

लायब्ररी सोर्स कोडच्या रूपात मिळते. ६-बीचे गाठोडे जेमतेम ६०० किलोबाइटचे होते. माणसाला वाचता येणारा हा मजकूर यंत्राला समजणाऱ्या संकेतांत उतरविण्याच्या क्रियेला बांधणी किंवा ‘बिल्ड’ म्हणतात. युनिक्स व लिनक्स जातीच्या संगणकांवर तिची पारंपरिक रीत चार आज्ञांची आहे : ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक टेस्ट’ आणि ‘मेक इन्स्टॉल’. पहिली आज्ञा संगणकाची पाहणी करते. कम्पायलर कोणता, कोणत्या सोयी आहेत, हे ताडून ती ‘जेकॉन्फिग’ नावाची छोटी फाइल लिहिते. दुसरी प्रत्यक्ष बांधणी करते. तिसरी आज्ञा सोबत दिलेले नमुना-चित्र उघडून आणि पुन्हा दाबून पाहते व हाती आलेली फाइल अपेक्षित फाइलशी बाइटगणिक जुळते का, हे तपासते. चौथीने तयार माल योग्य जागी ठेवला जातो.

घाईत असणारा तिसरी आज्ञा हमखास गाळतो. ती गाळू नये. चित्रसंकोचनातील चूक गणिती असते. ती आज्ञावली बंद पाडेलच असे नाही. चित्र केवळ किंचित काळवंडलेले किंवा चौकटी-चौकटींचे दिसते आणि दोष मूळ छायाचित्रावर ढकलला जातो.

लिबजेपेगची आज अधिक वापरात असलेली भावंड-लायब्ररी म्हणजे ‘लिबजेपेग-टर्बो’. जपानी प्रोग्रामर मियासाका मासारू यांनी लिबजेपेगला दिलेल्या वेगवान जोडकामाचा आधार घेऊन डी. आर. कमांडर यांनी ती उभी केली आणि २०१० पासून ती स्वतंत्र प्रकल्प म्हणून पुढे आली. एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, प्रोसेसरमधील खास सोयी ती वापरते. त्यामुळे ती मूळ लायब्ररीच्या दोन ते सहा पट वेगाने चालते, असे प्रकल्पाचे म्हणणे आहे. तिची बांधणी आता ‘सी-मेक’ या साधनाने होते आणि इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी ‘नॅझम’ किंवा ‘यॅझम’ हा असेम्ब्लर संगणकावर असावा लागतो. तो नसेल तर? बांधणी थांबत नाही. एक इशारा छापून ती पुढे जाते आणि वेगवान भाग वगळलेली लायब्ररी तयार होते. चित्रे बरोबर उघडतात, चाचण्या पार पडतात, फक्त वेग नाहीसा झालेला असतो. शेकडो ओळींच्या गर्दीत तो इशारा सहज नजरेआड होतो. वेगवान भाग मिळाला नाही तर थेट थांब, असे सांगणारा पर्याय सी-मेकला देता येतो. लायब्ररी मुळात वेगासाठीच घेतली असेल तर तो द्यावाच.

बांधणीच्या वेळचे असे काही निर्णय पुढे फिरविता येत नाहीत. ६-बी आवृत्ती एक तर प्रत्येक रंगघटकासाठी आठ बिट धरून बांधायची किंवा वैद्यकीय प्रतिमांना लागतात तसे बारा बिट धरून. एकाच प्रतीला दोन्ही जमत नसे. लिबजेपेग-टर्बोच्या २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीने ही अडचण दूर केली.

जोडणी

बांधणीतून दोन गोष्टी हाती येतात. पहिली, यंत्रसंकेतांतील लायब्ररी. दुसरी, ‘हेडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही मजकूर-फाइल. हेडरमध्ये प्रत्यक्ष काम नसते. लायब्ररीत कोणती कामे आहेत आणि त्यांना माहिती कोणत्या मापात द्यायची, याची केवळ वर्दी असते. आपली आज्ञावली कम्पाइल होताना हेडर वाचला जातो. लायब्ररीशी गाठ पडते ती त्यानंतर, ‘लिंकर’ नावाच्या साधनाच्या हातून. नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी या दोन पायऱ्यांतील फरक ध्यानात न आल्याने होते. हेडर सापडला नाही तर कम्पायलर तक्रार करतो. लायब्ररी सापडली नाही तर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे ‘हे नाव कोठेच सापडत नाही’, असे म्हणतो. पहिल्या तक्रारीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

लिंकरला क्रमही कळतो. स्टॅटिक जोडणीत तो डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर ज्यांची मागणी झाली आहे, तेवढेच भाग लायब्ररीतून उचलतो. टिफ जातीची चित्रे हाताळणारी लायब्ररी स्वतःच जेपेगवर अवलंबून असू शकते. त्यामुळे आज्ञेत टिफ आधी आणि जेपेग नंतर लिहावी लागते. उलट लिहिल्यास सर्व फाइल जागेवर असूनही जोडणी फसते. सी-प्लस-प्लस भाषेत लिहिणाऱ्यांची आणखी एक गोची होते. ती भाषा नावांना स्वतःची शेपटे जोडते, तर लिबजेपेग आहे साध्या सीमधील. ६-बीचा हेडर ‘हे सीमधील आहे’ असे स्वतःहून सांगत नाही, ते वापरणाऱ्याने सांगावे लागते. शिवाय त्या हेडरच्या आधी ‘एसटीडीआयओ’ हा सीचा ओळखीचा हेडर समाविष्ट करावा लागतो. या बाबी सोबतच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि तो दस्तऐवज, खरे तर, सॉफ्टवेअर-लेखनाचा उत्तम नमुना आहे. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

जोडणी झाली तरी एक गोष्ट राहतेच. चित्र खराब निघाले तर लिबजेपेग मूळ स्वरूपात एक संदेश छापते आणि सरळ संपूर्ण आज्ञावली बंद करते. आज्ञावली छोटी असेल तर हे चालून जाते. परंतु हजारो ग्राहकांची छायाचित्रे स्वीकारणारा सर्व्हर एका अर्धवट फाइलपायी कोसळणे परवडणारे नाही. त्यासाठी चूक हाताळणारा भाग स्वतः लिहून लायब्ररीकडे सोपवावा लागतो आणि तशी सोय तिच्यात पहिल्यापासून आहे.

माप जुळत नाही, तेव्हा

लिबजेपेग वापरणाऱ्याला कधीतरी दोनपैकी एक संदेश भेटतोच. एक : ‘राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन’, लायब्ररी ६२, मागणाऱ्याची अपेक्षा ८०. दुसरा : ‘जेपेग पॅरामीटर स्ट्रक्ट मिसमॅच’, आणि पुढे न जुळणारी दोन मापे.

हे संदेश दोष नसून सावधगिरी आहेत. चित्र उघडण्यासाठी आज्ञावली स्मृतीत एक साचा तयार करते आणि तो लायब्ररीच्या हवाली करते. साचा किती लांबीचा, कोणता रकाना कोठे, हे आज्ञावलीला हेडरवरून कळलेले असते, तर लायब्ररीला तिच्या स्वतःच्या बांधणीवरून. म्हणूनच पहिल्याच भेटीत हेडर आपला आवृत्ती-क्रमांक आणि साच्याचे माप गुपचूप सोबत पाठवितो आणि लायब्ररी ते पडताळून पाहते. जुळले नाही तर ती काम नाकारते. ही पडताळणी नसती, तर लायब्ररीने रुंदीच्या रकान्यात उंची लिहिली असती किंवा साच्याबाहेरच्या स्मृतीवर हात मारला असता.

विसंगती येते कोठून? विंडोजमध्ये ‘बूलियन’ हा होय-नाही प्रकार प्रणालीच्या एका हेडरमध्ये एक बाइटाचा मानला आहे. लिबजेपेगच्या सर्वसाधारण व्याख्येत तो पूर्णांक, म्हणजे बहुधा चार बाइटांचा. लायब्ररी एका समजुतीने बांधली आणि आज्ञावली दुसऱ्या, की मापे बदलली. विंडोजसाठीची तयार जेकॉन्फिग फाइल गाठोड्यात दिली आहे ती याचसाठी. दुसरे कारण अधिक नेहमीचे : संगणकावर दोन प्रती. लिबजेपेग-टर्बो सोर्सपासून बांधली, तर ती आपोआप ‘ऑप्ट’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाते, तर प्रणालीची जुनी प्रत तिच्या ठरलेल्या जागी असतेच. कम्पायलरला हेडर नव्या जागी सापडतो आणि लिंकरला लायब्ररी जुन्या जागी. हेडर आणि लायब्ररी एकाच बांधणीतील आहेत ना, हे पाहिल्यास यातले बहुतेक त्रास टळतात.

एक नाव, तीन वाटा

प्रतींचा हा गोंधळ वाढण्यास इतिहासही कारणीभूत आहे. २००९ मध्ये गिडो फोलबेडिंग यांच्या देखरेखीखाली लिबजेपेगची सातवी आवृत्ती आली. तिने वर सांगितलेला साचाच बदलला. पुढे आठवी आली, २०१३ मध्ये नववी. प्रत्येक वेळी जुन्या आज्ञावली नव्या लायब्ररीशी जुळेनाशा झाल्या. शिवाय या आवृत्त्यांनी मूळ मानकात नसलेले प्रकार आणले. तशी फाइल इतरांना उघडता येत नाही. ज्या स्वरूपाची सारी पुण्याई ‘कोठेही उघडते’ या एका गुणावर उभी आहे, त्यात असे प्रयोग करणे शहाणपणाचे नव्हते, असेच म्हणावे लागते.

लिनक्स वितरणांनी आपापला मार्ग निवडला. फेडोराने २०१० मध्येच लिबजेपेग-टर्बो स्वीकारली. डेबियनमध्ये हा वाद तांत्रिक समितीपर्यंत गेला आणि २०१४ मध्ये तिनेही टर्बोच्या बाजूने कौल दिला. टर्बोने एक व्यवहारी तोडगा ठेवला होता : बांधणीच्या वेळी सांगितल्यास ती सहाव्या, सातव्या किंवा आठव्या आवृत्तीचा साचा पत्करते. पण त्याचाच परिणाम असा, की डेबियनवरील टर्बो ६२ क्रमांकाची आणि उबुंटूवरील टर्बो आठव्या आवृत्तीच्या नावाची. एकीसाठी जोडलेली आज्ञावली दुसरीकडे तशीच चालत नाही. क्रोम व फायरफॉक्स ब्राउझरही टर्बोच वापरतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाच्या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये तिचा समावेश झाला. मोझिलाने २०१४ मध्ये याच पायावर ‘मोझजेपेग’ काढली. ती वेळ अधिक घेते, फाइल मात्र आणखी लहान करते.

प्रत कोणाकडे?

आता ग्रंथालय आणि छायाप्रत यांकडे वळू. जोडणी दोन प्रकारची असते. डायनॅमिक जोडणीत लायब्ररी प्रणालीत एका जागी राहते आणि आज्ञावली सुरू होताना तिला बोलावते. स्टॅटिक जोडणीत लायब्ररीचे संकेत आज्ञावलीच्या पोटातच उतरविले जातात. दुसऱ्या प्रकाराचे फायदे खरे आहेत : एकच फाइल दिली की काम झाले, वापरणाऱ्याच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे याची चिंता नको. वर वर्णिलेला मापांचा त्रास ज्याने भोगला आहे, तो याच वाटेने जातो. त्याला दोष देता येत नाही.

सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘जीडीआय-प्लस’ या चित्र-लायब्ररीतील दोष जाहीर केला. तिचा लिबजेपेगशी संबंध नव्हता. जेपेग फाइलमध्ये टिप्पणी लिहिण्यासाठी एक भाग असतो व त्याच्या आरंभी त्याची लांबी दिलेली असते. ती लांबी मोजणारे दोन बाइट तिच्यातच धरलेले असल्याने ती दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. लायब्ररी मात्र तपासणी न करता त्यातून दोन वजा करीत असे. लांबी शून्य किंवा एक लिहिली, की वजाबाकी शून्याखाली जाऊन प्रचंड मोठी संख्या बने आणि स्मृतीचा बांध फुटे. नुसते चित्र उघडून संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. केवळ विंडोज दुरुस्त करून मात्र भागले नाही. ही लायब्ररी डीएलएल स्वरूपाची, म्हणजे नावाला डायनॅमिक. तरी ऑफिससह अनेक सॉफ्टवेअर आपापली प्रत सोबत घेऊन आले होते. त्या शोधण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले.

एकोणीस वर्षांनी हेच नाट्य मोठ्या मंचावर घडले. गुगलच्या ‘वेबपी’ या चित्र-स्वरूपाची ‘लिबवेबपी’ ही लायब्ररी असंख्य सॉफ्टवेअरमध्ये आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी तिच्यातील दोष गुगलला कळविला. हफमन संकेतांचा तक्ता उभारताना नियमबाह्य फाइल दिली, तर तक्ता राखून ठेवलेल्या जागेबाहेर लिहिला जात असे. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. सुरुवातीला हा दोष क्रोमचा म्हणून नोंदला गेला होता. प्रत्यक्षात तो लायब्ररीचा होता आणि लायब्ररी क्रोमपुरती नव्हती. ‘इलेक्ट्रॉन’ या चौकटीवर उभी असलेली संगणकावरील ॲप स्वतःचे क्रोमियम पोटात घेऊन फिरतात. त्या प्रत्येकाच्या निर्मात्याने नवी बांधणी करून ती ग्राहकापर्यंत पोहोचविणे भाग होते. लिनक्सवर प्रणालीची लिबवेबपी वापरणाऱ्या सर्व आज्ञावलींना मात्र एका अद्ययावत पॅकेजने काम भागले.

म्हणून एखाद्या संस्थेने सॉफ्टवेअर विकत घेताना ‘ते जेपेग किंवा वेबपी उघडते का’ एवढेच विचारणे अपुरे आहे. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, पोटात आहे की प्रणालीतील, हे लेखी मागावे. अशा यादीला ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात. कारखान्यातील सुट्या भागांच्या यादीसारखीच ती असते. भारतात ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना महत्त्वाच्या प्रणालींसाठी ही यादी मिळविण्यास सांगितले आहे. घरगुती वापरकर्त्याच्या हाती एवढी यादी येत नाही. पण अनेक ॲन्ड्रॉइड फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फोनविषयी’ व ‘कायदेशीर माहिती’ असा भाग असतो. तिथल्या लांबलचक मजकुरात ‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ किंवा लिबजेपेग-टर्बो हे नाव बहुधा आढळते.